दारे धरणारा

काही चुका करताना आपण चुकत आहोत असे वाटतच नाही. उलट एखादे अवघड काम हळुवारपणे पार पाडल्याचे समाधान वाटते. आमच्या हातून घडलेली अशी एक चूक आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

२०२२ सालचा प्रायश्चित्तकाळ चालू होता. करोनाच्या साथीत ओस पडलेली मंदिरे पुन्हा भरू लागली होती. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेला उजव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर एक माता आपल्या मुलासह बसत असे. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला, उंचापुरा तरुण. तो बसल्या जागी पुढे-मागे डुलत असे. छतावरचे पंखे मोजणे हा त्याचा नेम होता आणि मोजणी मोठ्याने चाले. वेदीवरची घंटा वाजली की तो दोन्ही कानांवर तळहात दाबून धरी आणि खर्जात हुंकार काढू लागे. अर्पणाच्या त्या नि:शब्द क्षणी तो हुंकार सबंध मंदिरात घुमे. माणसे मान वळवीत. गायकवृंदातील मुले हसू दाबीत. दोघातिघांनी आमच्याकडे तक्रारही केली.

एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्या मातेला बाजूला घेतले आणि शक्य तितक्या मृदू स्वरात म्हणालो, “मावशी, थोडे दिवस त्याला घरी ठेवा. तुम्ही एकट्या या. त्यालाही त्रास होतो, लोकांनाही होतो.”

ती एवढेच म्हणाली, “बरं, फादर.”

पुढच्या रविवारी तो बाक रिकामा होता. त्यापुढच्याही रविवारी. आम्हांस वाटले, येतील. धर्मग्रामात हजार कामे असतात. आमचे विस्मरण सोयीचे होते. एक वर्ष लोटले.

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरोघरी आशीर्वाद देण्यास आम्ही निघतो. २०२३ च्या एप्रिल महिन्यात त्या मातेच्या आळीची पाळी आली. घर तिच्या भावाचे. वैधव्यानंतर ती मुलाला घेऊन माहेरी राहावयास आलेली. घरामागे केळीची वाडी. वसईच्या जुन्या वाड्यांपैकी ज्या थोड्या अजून तग धरून आहेत, त्यांतील ती एक. कडेला बावखल, एका अंगाला मोगरा, विहिरीजवळ पूर्वीच्या रहाटाचे दगडी खांब आणि शेजारी आता विजेची मोटर. ऊन्ह तापले होते, पण केळीच्या पानांखाली थंडावा होता.

तेथे आम्ही त्याला पाहिले. हाती फावडे घेऊन तो पाटाच्या तोंडाशी उभा होता. आमच्याकडे ज्याला दारे धरणे म्हणतात, ते काम तो करीत होता. पाटातून आलेले पाणी एका आळ्यात भरू द्यावयाचे, भरले की मातीचा एक फावडा टाकून त्याचे तोंड बंद करावयाचे आणि दुसऱ्याचे उघडावयाचे. पाणी ओसंडू द्यावयाचे नाही, कोणते रोप कोरडे राहू द्यावयाचे नाही. तो मोठ्याने मोजत होता. डुलतही होता, पण ते डुलणे फावड्याच्या हालचालीत असे मिसळून गेले होते की, ते वेगळे काढून दाखविता आले नसते.

“हा दारे धरायला असला की मला बघावं लागत नाही, फादर,” त्याचा मामा म्हणाला. “शंभर आळी झाली की हा ‘शंभर’ म्हणतो आणि मी मोटर बंद करतो. कुठल्या केळीला कमळ कधी आलं, तेही तारखेनिशी याच्या डोक्यात असतं. लोंगर कधी उतरवायची ते आम्ही यालाच विचारतो.”

तेच मोजणे. आमच्या मंदिरात जे विघ्न ठरले होते, ते येथे हिशेब ठरले होते.

आम्ही मातेची क्षमा मागितली. ती चुलीजवळ उभी होती. म्हणाली, “तुम्ही रागावला नव्हता, ते मला ठाऊक आहे, फादर. पण त्याला घरात कोंडून मी देवळात जाऊन काय मागू?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

अशा माणसांसाठी आपल्या भाषेत ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ झाला आहे. ऑटिझमसाठी योजलेला हा शब्द वाईट हेतूने घडविलेला नाही. तरी त्या दिवसापासून तो आम्हांस खटकतो. तो तरुण ‘स्व’मध्ये मग्न नव्हता. तो पाण्यात मग्न होता, मातीत मग्न होता, आकड्यांत मग्न होता. स्वत:मध्ये मग्न कोणी असेलच, तर वेदीवर उभे राहून आपल्या शांततेची काळजी करणारे आम्ही होतो. ऑटिझम, अतिचंचलता, वाचन-लेखनातील अडचण अशा निरनिराळ्या तऱ्हांनी ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून वेगळी आहे, त्यांना हल्ली एकत्रितपणे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. १९९० च्या दशकात या विचाराने आकार घेतला. त्याचा गाभा एवढाच की, निराळी घडण म्हणजे बिघडलेली घडण नव्हे. अडचणी खऱ्या असतात आणि साहाय्यही लागते. पण साहाय्य म्हणजे माणसाला दुसऱ्या कोणासारखा बनविणे नव्हे.

आम्ही सेमिनरीत शिकलो तेव्हा समुपदेशनाचाही एक पाठ होता. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवाव्यात, मधे टेबल नसावे, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावे, मान हलवून प्रतिसाद द्यावा. पुष्कळांच्या बाबतीत हे योग्यच आहे. परंतु ज्याला समोरच्या डोळ्यांचा भार सोसवत नाही, ज्याला नळीच्या दिव्याची चमचम आणि पंख्याची घरघर आपल्या बोलण्याइतकीच मोठी वाटते, त्याच्या दृष्टीने ती खोली म्हणजे चौकशीची कोठडीच होय. कित्येक प्रौढ माणसे लहानपणापासून इतरांसारखे दिसण्याचा यत्न करीत आलेली असतात. डोळ्याला डोळा भिडवणे, हातांची हालचाल दाबून टाकणे, हसावयाच्या जागी हसणे. दिवसभर हा मुखवटा वागविल्यावर संध्याकाळी त्यांच्या अंगी त्राण उरत नाही. अशा माणसाला साहाय्य करावयाचे आणि त्यासाठी पुन्हा तोच मुखवटा चढवावयास लावावयाचे, ही विसंगतीच नव्हे काय?

म्हणूनच अलीकडे काही देशांत मानसोपचार खोलीबाहेर, झाडांखाली आणि शेतांत नेला जात आहे. उपचारक आणि साहाय्य घेणारा शेजारी शेजारी चालतात. दोघांची दृष्टी वाटेकडे असते. त्यामुळे डोळ्यांचा प्रश्न उरत नाही. गप्प राहिले तरी ते गप्प राहणे अवघड वाटत नाही, कारण चालणे चालूच असते. हातांना काम असते. वाट ठरलेली असते आणि ती आधी दाखविलेली असते. मधेच परतावेसे वाटले तर कोणती खूण करावयाची, हेही अगोदर ठरते. हॉलंडमध्ये अशा हजाराहून अधिक शेतांवर निरनिराळ्या गरजांची माणसे ठरल्या दिवशी येऊन गुरांची, भाजीपाल्याची कामे करतात. इंग्लंडमध्ये बागकामाच्या द्वारे साहाय्य देणाऱ्या संस्था १९७० च्या दशकापासून चालू आहेत.

यामागे काही अभ्यासही आहे. रॉजर उल्रिक या संशोधकाने अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८९ साली रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने असा विचार मांडला की, प्रयत्नपूर्वक लक्ष देऊन मन थकते आणि पानांची सळसळ, ढग, वाहते पाणी अशा गोष्टी लक्ष हळुवारपणे ओढून घेऊन त्या थकलेल्या मनाला विसावा देतात. यांतील पहिला अभ्यास ऑटिझमविषयी नव्हता, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निराळ्या घडणीच्या प्रौढांविषयीचे संशोधन अद्याप थोडे आणि लहान प्रमाणावरचे आहे. झाडाखाली बसविले म्हणजे माणूस ‘बरा’ होतो, असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पण शास्त्राच्याही आधी दोन शेतकऱ्यांनी जे करून दाखविले, त्याची कथा आम्हांस त्याच वर्षी कळली. २०२३ च्या जून महिन्यात अमेरिकेत डोनाल्ड ट्रिप्लेट हे गृहस्थ वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तले. वैद्यकीय इतिहासात ते ऑटिझमचा पहिला नोंदलेला रुग्ण म्हणून ओळखले जातात. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील पहिला मुलगा तो. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. वयाच्या चौथ्या वर्षाआधीच त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले.

१९४२ साली, डोनाल्ड नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास, त्याला गावापासून काही मैलांवर राहणाऱ्या लुईस नावाच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. १९४५ साली कॅनर स्वत: तेथे गेले आणि जे पाहिले त्याने चकित झाले. मुलाला मोजमापाचे वेड होते. म्हणून त्या जोडप्याने त्याला विहीर खणावयास आणि तिची खोली सांगावयास लावले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. म्हणून त्यांनी त्याला त्यांच्या दफनभूमीसाठी एक जागा नेमून दिली. तेथे तो प्रत्येक जिवाच्या डोक्याशी फळी लावी. तिच्यावर आधी एक नाव, मधे त्या प्राण्याची जात आणि शेवटी त्या शेतकऱ्याचे आडनाव! मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजी. म्हणून त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोजावयास सांगितले. कॅनर पाहत असताना त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि घोडा सफाईने वळविला.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे केळीची वाडी उभी राहिली. त्या जोडप्याने मुलाचे मोजणे थांबविले नाही. त्याला मोजण्यासारखे काहीतरी दिले. मेलेल्या किड्याला आपले आडनाव लावू देणाऱ्या त्या घराने त्या मुलालाही आपल्यात किती घेतले असेल!

डोनाल्ड पुढे पदवीधर झाले, गावच्या बँकेत त्यांनी नोकरी केली, मोटार चालविली, गोल्फ खेळले, अनेक देश पाहिले. त्यांच्या घरी पैसा होता आणि गावात घराण्याचा मान होता, हे विसरून चालणार नाही. पण कॅनर यांनी १९७१ साली त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला तेव्हा त्यांना दिसले की, ज्यांची आयुष्ये सरकारी मनोरुग्णालयांत गेली त्यांचे बालपणीचे तेज लवकरच विझून गेले होते. आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. त्या काळी पुष्कळ तज्ज्ञ आईच्या थंडपणाला दोष देत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञ पित्याने आपल्या ग्रंथात हा आरोप खोडून काढला. शास्त्राने तो मागे घेतला. गावांनी अजून पुरता घेतलेला नाही. आमच्या त्या मावशीने आयुष्यभर काय काय ऐकले असेल, याचा विचार करवत नाही.

आपल्या धर्मपरंपरेलाही हा मार्ग अपरिचित नाही. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फ्ना हिचे स्थान आहे. मनाने त्रस्त झालेल्या यात्रिकांना तेथे मध्ययुगापासून आणले जाई. मंदिराची जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ती माणसे कुटुंबाच्या पंगतीला जेवत आणि शेतावर राबत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. आज त्यांची संख्या पुष्कळ घटली असली तरी प्रथा चालू आहे आणि २०२३ साली युनेस्कोने तिची दखल घेतली. तेथे जे घडले ते मंदिरात जागा पुरेना म्हणून. आमच्या मंदिरात जागा होती, बाक रिकामा होता, तरी आम्ही एकाला बाहेर काढले.

आम्ही त्या वाडीत जाऊ लागलो. आठवड्यातून एकदा, सकाळी, झगा न घालता. पहिले कित्येक आठवडे तो आमच्याशी बोलला नाही. आम्ही पाटाच्या कडेला तण काढीत बसत असू. मामाने आम्हांस एक अट घातली होती, “फादर, त्याला प्रश्न विचारू नका.” धर्मगुरूला याहून कठीण पथ्य कोणते? पुढे एके दिवशी आमच्याकडे न पाहता तो म्हणाला, “फादर चुकले.” आम्ही दचकलो. त्याने फावड्याने दाखविले. तणाबरोबर आम्ही मोगऱ्याचे एक रोप उपटले होते. बोलण्याचा अर्थ तेवढाच होता. आम्ही मात्र तो दिवसभर मोठा करून घेतला.

या सर्वांतून धर्मग्राम परिषदेपुढे एक लहानशी सूचना गेली. मंदिरामागे नारळाची आणि चिकूची थोडी जागा आहे. २०२३ च्या पावसाळ्यानंतर दर मंगळवारी सकाळी दोन तास ती अशा प्रौढांसाठी राखून ठेवली. समुपदेशनाचे शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर येतात. आज चार जण येतात. त्यांतील दोघे आपल्या धर्माचे नाहीत. फटाके, बँड, ध्वनिक्षेपक यांना त्या वेळी मज्जाव आहे. काय करावयाचे ते फळ्यावर क्रमाने लिहिलेले असते आणि बदल झाल्यास आदल्या दिवशी घरी कळविले जाते.

चुका येथेही झाल्या. एका तरुणीला ओल्या मातीचा स्पर्श सोसत नव्हता. ‘सवय होईल’ असे आम्हीच म्हणालो, आणि ती दोन मंगळवार आली नाही. सिस्टरांनी आमची कानउघाडणी केली. आता ती मातीला हात लावीत नाही. झाडांना नावाच्या पाट्या लिहिते आणि तिचे अक्षर आमच्याहून सुरेख आहे. आणखी एकाला मधमाशीच्या गुणगुणण्याची धास्ती वाटते. तो फुलांच्या बाजूला जात नाही. निसर्ग सर्वांना सारखाच गोड लागतो, ही कवींची समजूत असावी. बाहेर पडल्याने लाभ होतो तो निसर्ग जादू करतो म्हणून नव्हे. तेथे मागे सरकण्यास जागा असते म्हणून.

एक प्रश्न मात्र दोन तासांच्या मंगळवाराने सुटत नाही. आपल्याकडे अपंगत्वाविषयीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो आला, आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत त्याला व अध्ययनातील विशिष्ट अडचणींना स्थान मिळाले. अठरा वर्षांनंतर पालकत्वाची सोय कशी करावी, याचा मार्ग न्यास कायद्यात आहे. आमच्या मावशीला तो ठाऊक नव्हता, आम्हांसही नव्हता. शाळा आहेत त्या मुलांसाठी. मूल चाळिशीकडे झुकले की पाटी कोरी. कागदपत्रे आता झाली आहेत. पण तिची झोप उडविणारा प्रश्न कागदाचा नाही. ती सत्तरीच्या घरात आहे, भाऊ तिच्याहून थोरला. भावाच्या मुलांची नोकरी शहरात, आणि इमारत बांधू पाहणारे वाडीची किंमत विचारून गेले आहेत. हरित वसईसाठी एके काळी येथील हजारो माणसे रस्त्यावर आली होती, त्यांत त्याचा मामाही होता. आज त्याच्या मुलांना ‘विकू नका’ असे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? शेतीत किती मिळते ते आम्ही जाणतो. पण ती तीनशे आळी गेली, तर त्या माणसाचे काय जाईल, हेही आता जाणतो. त्याच्यासाठी ते निसर्गसौंदर्य नव्हे, हिरवा पट्टाही नव्हे. जगात जेथे त्याचे मोजणे कोणाच्या तरी उपयोगी पडते, अशी ती एकुलती एक जागा आहे.

आमचीही बदली केव्हा तरी होणार. नव्या धर्मगुरूंसाठी दप्तरात एक टिपण लिहून ठेवले आहे: मंगळवारविषयी, घंटेविषयी आणि प्रश्न न विचारण्याविषयी.

रविवारी ती माता आता पुन्हा येते, तिसऱ्या बाकावर बसते. तो आत येत नाही. घंटा त्याला सोसत नाही आणि आम्ही आग्रह धरीत नाही. दारासमोरच्या बदामाच्या झाडाखाली तो उभा असतो, डुलतो, मोजतो. ख्रिस्तशरीर वाटण्याच्या वेळी आम्ही मधल्या वाटेने बाहेर पडतो आणि पायऱ्या उतरून त्याच्याकडे जातो. पहिल्या वेळी लोकांनी माना वळविल्या. आता वळवीत नाहीत. पायऱ्या सात आहेत. त्यानेच आम्हांस ते सांगितले; आम्ही रोज त्यांवरून चढत-उतरत होतो, पण कधी मोजल्या नव्हत्या.